या खुर्चीत वेंडल नाही

३ जून १९७८
पोहोचले एकदाची फ्लोरिडाला! बसथांब्यावर कॉरीन आली होती. इतकी वाळलीय की आईने पाहिलं तर मलाच ओरडेल. थोरल्या बहिणीला घरी परत न्यायचं, एवढ्यासाठीच मी आलेय. तिला मात्र प्रोफेसर हॉलिसनी रचलेल्या तर्काच्या भाषेचं वेड लागलंय. घरात सगळे तीच बोलतात. तिच्यात मोघम बोलायची सोय नाही. बोलाल ते सिद्ध करा. स्वयंपाक मिस लुएला बघतात. चौथा वेंडल, पियानो दुरुस्त करतो आणि दिवसभर थट्टा. मला म्हणाला, अगं, इथे शिंकलीस तरी पुरावा मागतील, पळ! मला तो फार आवडला. जेवायला तळलेला मासा आणि थंडगार गोड चहा होता.

८ जून
जेवताना इथे एक खेळ चालतो. कुणीतरी विधान मांडायचं, बाकीच्यांनी याच भाषेत खोडायचं. ताटं उचलेपर्यंत खोडता आलं नाही तर ते खरं, आणि घराने तसंच वागायचं. काल प्रोफेसरांनी बुधवारचा रविवार केला, तर मिस लुएला खरंच नटूनथटून चर्चला जाऊन आल्या! आज मला चिडवायला वेंडलने मांडलं, या खुर्चीत वेंडल नाही. मी म्हटलं, दिसतोय की! प्रोफेसर म्हणाले, दिसतं तर स्वप्नातही. कॉरीनने डोकं खाजवून खाजवून पुरावे दिले, प्रत्येकात त्यांना खोट सापडली. विधान टिकलं. वेंडल पोट धरून हसला.

९ जून
वेंडलचं ताट मांडलं नाही. बरं झालं, भांडी घासायला नकोत, म्हणाला आणि माझा पाव पळवला. हसले मी एकटीच.

१२ जून
वेंडल चिडलाय. पुरे झाला चावटपणा, विधान मागे घेतो, म्हणाला. प्रोफेसर भिंतीकडे बघत शांतपणे बोलले, मांडणाराच नाही, तर मागे कोण घेणार? मिस लुएलांनी त्याचे कपडे दान करून टाकले. मी कॉरीनला म्हटलं, उद्याच निघू या. ती म्हणाली, त्याला असा टाकून कशी येऊ गं?

१४ जून
वेंडल ओरडत होता. तोंड हलताना दिसलं. आवाज आला नाही.

१५ जून
आता तो दिसतही नाही. खुर्ची सरकते फक्त. जेवताना कॉरीन किंचाळली, तो इथेच आहे, आंधळे झालात का सगळे! प्रोफेसरांनी तोंड पुसलं आणि विधान मांडलं. कॉरीन नाही.
ती आहे याचे पुरावे म्हणून मी सगळं सांगितलं. आमचं घर, आई, तिच्या हनुवटीवरचा तीळ. ती माझ्या शेजारीच बसली होती. त्यांच्या भाषेत मी कच्ची, जीभ अडखळली. मिस लुएलांनी ताटं उचलली.

१६ जून
तिला घेऊन पळाले. बसवाल्याने एकच तिकीट दिलं. दुसरी कुठाय, म्हणाला. कॉरीन त्याच्यासमोर उभी होती. पायरीवर तिचा पाय ठरेना. तिला सोडून कशी जाऊ? परत आलो.

१७ जून
आईला फोन केला. रडत सगळं सांगितलं. आई म्हणाली, एकटीला करमत नाही का गं तिथे?

१८ जून
ती बोलते, ऐकू येत नाही. तीळ कुठल्या बाजूला होता— नाव लिहून ठेवते. कॉरीन. कॉरीन. कॉ—

१९ जून
वर ते नाव कुणाचं?
कुणीतरी पलंगावर बसलंय. गादी दबलीय. दिसत नाही. माझा हात घट्ट धरलाय— मला फार भीती वाटतेय. प्रोफेसरांना हाक मारली. जिना चढतायत. हात सोडत नाही, ओढतंय, खिडकीकडे ओढ—