टेबलाची फळी

प्रिय आईस,
तुझ्या खाष्ट लेकीचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत. धाकटीचा खोकला आता जवळजवळ गेलाच. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

आम्ही गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर घेतला, सहलीला राहण्याजोगा. दुकानातच चौघं आडवे होऊन पाहिलं, पाय पुरतात. दुकानदार म्हणाला, "ताई, टेबलावर ही फळी टाकली की आणखी दोघं झोपतात." म्हटलं, "फळी तुमच्याकडेच ठेवा." हे कुजबुजले, "अगं, दादा-वहिनी आले तर?" म्हटलं, "म्हणूनच!"

गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या भल्यामोठ्या ट्रेलरमध्ये जागा नाही म्हणून माझ्या पोरींना भर पावसात आमच्या गळक्या तंबूत झोपवलं. आत बाकावर कुत्रा पसरला होता! धाकटीचा खोकला तेव्हापासूनचाच.

फळीवरून हे माझ्याशी मोजकंच बोलतात. बोलतील हळूहळू.

तू आलीस तर माझी जागा तुझी, काळजी नको.

काल जाऊबाईंचा फोन आला. त्यांनी त्यांचा ट्रेलर विकलाय. "यंदा आम्ही तुमच्याबरोबर हं!" मी गोड आवाजात म्हटलं, "या ना." तोच तंबू घडी घालून ठेवलाय. गळतो तिथे ठिगळ मुद्दाम लावलेलं नाही.

तुझ्यावरच गेलेली,
तुझी थोरली