गुरुशांत जिवंत आहे

मी, यशपाल धर्मपाल शिवशरण, वय एकावन्न, नोकरीनिमित्त राहणार ब्रेमेन, जर्मनी, सध्या मुक्काम सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे.

१. विजापूर रोडवरील माझ्या स्वकष्टार्जित फ्लॅटची मालकी माझ्या पश्चात गुरुशांत बिराजदार, राहणार कुंभारी, यांस मिळावी. नाते: तरुणपणापासून ज्याच्यावर मी प्रेम केले तो माणूस. वकीलसाहेब म्हणाले, "मित्र लिहा." मी नाही म्हणालो.

गुरुशांत अपघातात गेला, असे माझी बहीण संघप्रिया हिने मला ब्रेमेनला फोनवर सांगितले होते. मी ते खरे मानले. पुढे तिथे माणसे भेटली, एक-दोघे तर फार चांगले होते. पण कुणी जवळ आले की मेलेल्याशी बेइमानी केल्यासारखे वाटे आणि मीच दार लावून घेई. अशीच वर्षे गेली.

गेल्या मंगळवारी टॉवेल घ्यायला अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. कारखान्याच्या दारात पिकल्या केसांचा एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. त्याने वर पाहिले.

"यशा? कवा आलास? बायकू कुटं हाय तुजी?"

मी म्हणालो, "तू मेलास की रे!"

"कोण म्हन्लं?"

मी तिथेच मातीत बसलो. माझे लग्न झाल्याची थाप त्याला संघप्रियानेच मारली होती. त्याने लग्न केलेले नाही.

वरील कलम वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "फ्लॅट घिऊन काय करू? तू हितं ऱ्हा की." मी परतीचे तिकीट रद्द केले आहे.

२. बँकेतील ठेव भाची चैताली हिच्या शिक्षणासाठी. आईच्या खोटेपणाची शिक्षा लेकीला नको.

३. संघप्रियास काहीही देत नाही. जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "तुझं लगीन व्हावं म्हणून बोलले की, दादा. आईला लई घोर होता." ती रडली. मला रडूही आले नाही. तिला क्षमा करायची आहे. आज जमत नाही. जमेल तेव्हा हे कलम बदलेन.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. माझ्या मृत्यूची बातमी गुरुशांतला कुणीही फोनवर देऊ नये. त्याला आणून माझा चेहरा दाखवावा. तोवर त्याने कुणाचेही खरे मानू नये.

यशपालने आमच्यादेखत सही केली. आम्ही त्याच्यादेखत केली.

साक्षीदार: डॉ. सिद्धेश्वरी हत्तुरे (सही)
अमृत रामहरी माने (सही)

यशपाल धर्मपाल शिवशरण (सही)
सोलापूर, २२ नोव्हेंबर २०२४