अकरा नंबरचे वीस श्वास

प्रिय ताई,

हे पत्र मी चार महिने उद्यावर ढकलतेय. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर बसायला धड जागा नव्हती, मग जागा मिळाली तेव्हा वाटलं की आधी केस धुऊन घ्यावेत. तू हसशील, पण खरंच त्या दिवशी केस धुतले, वाळवत बसले आणि दिवस गेला. आजही कागद नाहीच. धुतलेल्या चादरी ज्यात बांधून देतात त्या तपकिरी कागदावर लिहितेय, त्यामुळे अक्षर खरखरीत दिसेल. एरवी तरी ते कुठे मोत्यासारखं असतं म्हणा.

चादरींवरून कळलंच असेल, मी एका लाँड्रीत आहे. त्याआधी दीड महिना रोपवाटिकेत होते, तिथे कुंड्या उचलून पाठ धरली. मग होडीच्या धक्क्यावर तिकिटं फाडली. तिथला माणूस बरा होता पण दिवसभर शिट्टी वाजवायचा, एकच सूर, म्हणून सोडलं. इथे वरच्या मजल्यावर खोली मिळालीय, खाली यंत्रं. मालकीणकाकू एकटीच असते आणि माझ्याशी बोलण्यापेक्षा इस्त्रीशी जास्त बोलते. तिला माझी एकच गोष्ट आवडते, ती म्हणजे चादरीचे कोपरे. पलंगाला घालताना कोपरा कसा दुमडायचा ते तू शिकवलं होतंस ना, तशीच मी घडीही घालते. कुठे शिकलीस म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, बहिणीकडे. मग तिने पुढे विचारलं नाही आणि मला उगीच वाटलं की विचारायला हवं होतं.

रविवारी यंत्रं बंद असतात. आज रविवार आहे. इतकी शांतता आहे की नळाच्या थेंबांचीही सोबत वाटते. ताई, गेल्या महिन्यात तुला तीनदा फोन आला असेल आणि पलीकडून कोणी बोललं नसेल. ती मी होते. तू पहिल्यांदा हॅलो म्हणालीस, मग कोण म्हणालीस, मग गप्प राहिलीस पण फोन ठेवला नाहीस. मी तुझे श्वास मोजत होते. आता ही सवय जातच नाही. गाडीत शेजारी बसलेल्या बाईचे मोजते, दारातल्या कुत्र्याचे मोजते. काकू दुपारी खुर्चीत डोळे मिटते तेव्हा तिचेही.

ही सवय तूच लावलीस. आठवतं, मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा तू म्हणालीस, भिंगरी, या वेळी किती दिवस? मी म्हटलं, बघू. आणि तू कुठे कुठे शब्द टाकून मला तुझ्याच वॉर्डात मदतनीस म्हणून लावून दिलंस. बेडपॅन, चादरी, पाणी, तपासण्यांचे कागद. वॉर्डात मदतनीस बाईला सगळेच मावशी म्हणतात, त्यामुळे बाविसाव्या वर्षी मी साठ-साठ वर्षांच्या बाप्यांची मावशी झाले. तुला त्याचं फार हसू यायचं. घरी आल्यावरसुद्धा म्हणायचीस, मावशी, जेवायला वाढा. वाढलं तरी तू ओट्याशी उभी राहूनच खायचीस. बसले तर उठवणार नाही असं म्हणायचीस. वॉर्डात चौतीस पलंग आणि तुम्ही दोघीच सिस्टर. तू भाजीचे तुकडे ताटात बाजूला सारायचीस आणि मला कळायचं की कुठल्या तरी दोन पेशंटपैकी एकाकडे तुला जाता आलेलं नाही. विचारलं तर म्हणायचीस, मीठ कमी आहे.

आणि मग श्वास. तू मला चार नंबरच्या आजोबांवर शिकवलंस. पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतोय, सांगितलं की तो मुद्दाम नीट घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, नजर छातीकडे ठेवायची आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. हे मेट्रनबाईंनी तुला शिकवलेलं, रूळ घेऊन उभं राहून, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, म्हणजे ही सभ्य फसवणूक झाली. तू म्हणालीस, या नोकरीतली हीच एक फसवणूक मला आवडते.

पण तक्त्यावर कोणी मोजलेलं लिहीत नव्हतं, हेही मला आठवड्याभरात दिसलं. ताप खरा, नाडी खरी, रक्तदाब खरा, कारण त्याला यंत्र आहे. श्वासाला यंत्र नव्हतं, मिनिटभर उभं राहावं लागायचं. चौतीस पलंग, चौतीस मिनिटं. म्हणून सगळे वीस लिहायचे. सकाळी वीस, दुपारी वीस. म्हातारा वीस, पोरगा वीस. सगळा वॉर्ड कवायतीत असल्यासारखा श्वास घ्यायचा. तुला ते सहन व्हायचं नाही. आणि तुझ्याच्याने होतही नव्हतं. म्हणून एक दिवस तू तुझं छातीला उलटं टाचायचं घड्याळ काढून माझ्या कपड्याला टाचलंस आणि म्हणालीस, दोनच्या फेरीचे श्वास तू मोज, आकडा खरा लिही, सही मी करते. मदतनीस बाईला तक्त्याला हात लावायची परवानगी नसते, हे तुलाही माहीत होतं. पण तेव्हापासून आपल्या वॉर्डात अठरा दिसायला लागले, बावीस, चोवीस. एकदा माझ्या एका अठ्ठावीसवरून तू डॉक्टरांना बोलावलंस आणि ती बाई वाचली. त्या दिवशी तू बसून जेवलीस.

अकरा नंबरच्या शिंपीकाकांबद्दल लिहायचं टाळत होते, आता आलंच. पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. खिडकीजवळचा पलंग. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना नावं ठेवायचे. डॉक्टरांच्या कोटाचा खांदा उतरलाय म्हणायचे, तुझी बाही कुणी अडाण्याने बेतलीय म्हणायचे. माझ्या विजारीचे पाय जमिनीवर लोळायचे ते तर त्यांना बघवतच नसे. सुई-दोरा उशीखाली होता. तू पकडलंस आणि म्हणालीस, काका, हे दुकान नाही. तोवर त्यांनी माझा एक पाय दुमडून शिवला होता, मी पलंगाशेजारी एका पायावर उभी. दुसरा उद्या, म्हणाले.

त्या दिवशी दोन वाजता तीन नंबरचे टाके उघडले होते आणि तू पडद्याआड होतीस. दुसरी सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवर. मी फेरीला निघाले. तीन सोडून एक ते दहा नीट केले, अगदी शपथेवर. अकराशी पोचले तर समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरून एक कपाट दोरांनी खाली उतरवत होते. जिन्यातून गेलं नसणार. ते तिसऱ्या मजल्याच्या गजांना अडकलं, खालचे वरच्यांना शिव्या देत होते, वरचे खालच्यांना. काका म्हणाले, दार उघडणार बघ त्याचं. मी त्यांचं मनगट धरलं होतं. ते म्हणाले, मावशी, आज जरा दमल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, पडून पडून माणूस दमतोच, उद्या चालायला लावते. आणि खरंच कपाटाचं दार उघडलं, आतून कपडे खाली पडले, आम्ही दोघं हसलो, आणि मग मी तक्त्यावर वीस लिहिलं आणि बाराकडे गेले.

साडेचारला काय झालं ते तुला माहीत आहे, तूच त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून होतीस. फुप्फुसात गुठळी, दोनला कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं डॉक्टर तक्त्याकडे बघून म्हणाले. पुढे काकांची बायको डबा घेऊन आली, रोजच्या वेळेला. तिने तुझे हात धरले. म्हणाली, सिस्टर, तुम्ही यांच्यासाठी किती केलंत. मी पाण्याचा जग घेऊन मागे उभी होते. तुझी मान मला मागून दिसत होती, ती हललीसुद्धा नाही. चार दिवसांनी चौकशीच्या खोलीत मेट्रनबाईंनी विचारलं की दोनची फेरी कोणी घेतली. दार उघडं होतं. तू म्हणालीस, “मी.” एवढंच. घरी आल्यावर मी तुला सांगितलं की कपाट बघत राहिले आणि मोजायचं विसरले. तू ताट धुतलंस, माझंही धुतलंस, आणि म्हणालीस की चूक घड्याळ देणाऱ्याची आहे. तू ओरडली असतीस तर मी राहिले असते. सकाळी तू उठायच्या आत निघाले. पायाला भिंगरी असली की लोकांना वाटतं हौस आहे.

घड्याळ माझ्याकडेच राहिलं, चोरलं नाही गं, कपड्याला तसंच टाचलेलं होतं. गाडीत बसल्यावर दिसलं. विजारीचा दुसरा पाय अजून पिनेने वर करते. शिवलेल्या पायाचा एकही टाका अजून उसवलेला नाही.

बारा दिवसांपूर्वी तुझ्या मैत्रिणीशी बोलले, त्या बडबड्या सिस्टरशी. तुझ्याबद्दल विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून आधी दहा मिनिटं तिच्या सासूबद्दल ऐकलं. मग तिने सांगितलं की तू घरी बसून आहेस, येत्या गुरुवारी समिती बसणार आहे, आणि सगळी चूक स्वतःवर घेऊन तसा कागद तू आधीच लिहून दिलायस. म्हणजे नोकरी जाईलच, परवानाही जाईल. ती म्हणाली, तुझी ताई भांडतच नाही, जणू तिला हेच हवंय. त्यानंतर मी मेट्रनबाईंना पत्र टाकलं. ती फेरी मी घेतली होती, अकरा नंबरचे मी मोजले नाहीत, आधीचा आकडा बघून वीस लिहिले, असं लिहिलं. खाली सही केली, इथला पत्ता दिला. वाटलं, सुटले. पण सुटले नाही, कारण त्यातही मी पूर्ण खरं लिहिलं नव्हतं.

ताई, मी मोजायचं विसरले नव्हते. कपाटाचं दार उघडेपर्यंत मी मोजत होते. नऊ झाले होते. सेकंदकाटा पंधरावर होता. हिशेब मला तेव्हाच कळला, छत्तीस. वाटलं, आपलंच चुकलं असणार, छत्तीस कुठे असतात, सकाळी तर वीस होते. पुन्हा मोजायला पूर्ण मिनिट उभं राहावं लागलं असतं. आणि छत्तीस लिहिलं असतं तर तुला पडद्याआडून बोलवावं लागलं असतं, तिथे तुझे हात रक्तात होते, आणि माझी चूक निघाली असती तर तू ओरडली असतीस. म्हणून वीस लिहिले. वॉर्डात सगळे लिहायचे तसे. तू चार महिने समजतेयस की एका वेंधळ्या पोरीला घड्याळ दिलं म्हणून माणूस गेला. तसं नाही. तू शिकवलंस ते मला नीट येत होतं. खरा आकडा माझ्या हातात होता आणि मी तो तुझ्यापर्यंत आणला नाही. एवढ्यासाठी हे पत्र. गुरुवारी तू माझ्यासाठी मान खाली घालून बसायच्या आधी तुला हे

थांब, खाली कोणीतरी शटर वाजवतंय. रविवारी कोण

परत लिहितेय, घाईत. मेट्रनबाई आल्यात. एकट्या, पांढऱ्या कपड्यांशिवाय, मी ओळखलंच नाही आधी, किती लहानखुऱ्या दिसतात. दारातच त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आता खेचतील. पण त्या नुसत्या धरून उभ्या राहिल्या, नजर माझ्या गळ्याखाली. मग विचारलं, “अकरा नंबरचे मोजलेच नव्हतेस?” मी म्हटलं, “मोजले होते. पंधरा सेकंदांत नऊ.” त्यांनी मनगट सोडलं नाही. मिनिट पूर्ण होऊ दिलं आणि म्हणाल्या, “अठ्ठावीस. खाली बस आधी.” मग हात कुठे धुऊ म्हणून विचारलं. आता मागच्या नळावर कोपरापर्यंत धुतायत, तुला माहीत आहे त्याला किती वेळ लागतो. पर्स इथे टेबलावर उघडी आहे, त्यात तुझ्याकडे येणाऱ्या चारच्या गाडीची दोन तिकिटं दिसतायत. मी काय उत्तर देणार हे ऐकायच्या आधीच काढलेली. हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातानेच आणते. समितीच्या खोलीत जायच्या आधी वाच. घड्याळ टाचलंय. नळ बंद झाला.

तुझीच,
भिंगरी