काही झालं नाही, पुढची बारी

६ एप्रिल २००३
मंचरला भाषण. घसा बसला. म्हणालो, डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने सांगायला जो समाज घाबरतो, त्याने विज्ञानाच्या गप्पा मारू नयेत. टाळ्या पडल्या. हल्ली टाळ्या पडल्या की मला शंका येते.

खाली उतरलो तर शाहीन उभी. जुन्नरच्या चपलांच्या दुकानवाल्या मोमीनभाईंची मुलगी, शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आता पुण्यात सर्जन होतेय. प्रबंधाचा विषय ऐकून मला हसू आलं: बैलगाडा शर्यतीत होणाऱ्या इजा आणि त्यांचे उपचार.

"हसू नका सर. इथले दवाखाने फिरून आले. जत्रेच्या दिवसांत बरगड्या मोडलेले, पोटाला मार बसलेले पुष्कळ येतात. पण गाड्याने लागलं असं एकही जण सांगत नाही. सगळे जिन्यावरून पडलेले. आपल्याकडे एवढे जिने आहेत कुठे?"

सगळी बसकी घरं.

८ एप्रिल
शा. घरी आली. तिला हवंय ते सोपं. इकडच्या दोन्ही तालुक्यांतल्या शर्यतीच्या घाटांवर माइक माझ्या हातात असतो, लोक माझं ऐकतात. मी ओळख करून दिली तर लोक खरं बोलतील, असं तिला वाटतं.

भांडलो तिच्याशी. म्हणालो, शर्यत कुणब्याची आहे, वर्षभर मातीत राबणाऱ्याचा एक दिवस. बंदी मागणाऱ्यांना मी स्टेजवर सोलून काढलंय. तुझा प्रबंध उद्या त्यांच्याच हातात पडणार.

"मी शर्यतीवर लिहीत नाही सर. पोटावर लिहितेय."

मग कागदावर पोट काढून दाखवलं. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा, आपली पाणथरी. तिला मार बसून आत रक्त साचलं, तर कधी कधी पोटापेक्षा डावा खांदाच जास्त दुखतो. खांद्याला काही झालेलं नसतं. पेशंट जिना म्हणाला की डॉक्टर खांदा बघत बसतो. कारण चुकलं की तपासणी चुकते.

बघतो म्हणालो. म्हणजे नाहीच.

११ एप्रिल
तिला काय सांगणार? ज्या गाड्याने माणूस पाडला त्याचं नाव खराब होतं, पुढच्या गावात त्याला बारी, म्हणजे पळायची पाळी, देताना जत्रेची कमिटी कुरकुरते. म्हणून लागलेल्याने लागलं म्हणायचं नाही. भंडारा फासायचा आणि उठायचं. मालक आपलाच भाऊबंद असतो.

आणि वर माझं वाक्य. कुणी पडलं की लगेच, "काय बी झालं न्हाई मंडळी, नाथांची कृपा. पुढची बारी." घाटावर पोरंसुद्धा माझी नक्कल करतात. गर्दी बिथरू नये म्हणून सुरू केलं होतं.

पोवाड्यात जखमांना मान आहे. मलमपट्टीवर कुणी कडवं रचलेलं ऐकलं नाही.

१७ एप्रिल
आमच्या गावची जत्रा. बबनदादाचा गाडा दुपारी. बबनदादा माझा चुलतभाऊ, पंचक्रोशीत त्याच्या बैलांचं नाव. बैल धरायला माझा धाकटा भाऊ सोपान, नेहमीसारखा. झेंडा पडला, बैलांनी उसळी घेतली, सोपानला बाजूला व्हायला वेळ लागला. जू लागलं की चाक, दिसलं नाही. धुरळा.

मी वाक्य बोललो. धुरळा खाली बसायच्या आधीच.

आणि तो उठला. कपडे झटकले, माझ्याकडे बघून हात वर केला. लोक हसले. बबनदादाने त्याच्या डाव्या कुशीवर भंडारा फासला. गाडा पहिल्या नंबरात आला.

संध्याकाळी सोपानला विचारलं. "आण्णा, तूच म्हनला ना काय झालं न्हाई? मग न्हाई झालं."

१८ एप्रिल
सकाळी मंदा, सोपानची बायको, दारात. "भाऊजी, ह्यांचा खांदा लई ठणकतोय. चोळून घेतला, तरी ऱ्हाईना. आडवं झालं की वाढतोय."
"कुठला?"
"डावा."

चप्पल घालायचंही सुचलं नाही. जीप काढली. बबनदादा पुढे येऊन बसला, काळजीनेच. त्यात खोट नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "आण्णा, डाक्टरला शिडी सांगायची. कांद्याच्या वखारीत शिडीवरनं पडला. पुढच्या हप्त्यात गाडा न्यायचाय."

मंचरला डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? सोपान पडल्यापडल्या म्हणाला, "शिडीवरनं." घामाने भिजलेला. डॉक्टरांनी खांदा हलवून पाहिला, फोटो काढू म्हणाले. खांद्याचा.

माझा आवाज सवयीने मोठा. सगळ्या वॉर्डात गेला असेल. "शिडी नाही. बैलगाडा. मार डाव्या बरगडीखाली आहे. पोट बघा."

डॉक्टरांनी शर्ट वर केला. भंडारा अजून तसाच होता.

सोनोग्राफी. पोटात रक्त. तसंच पुण्याला हलवलं. बबनदादा दारापर्यंत आला, गाडीत बसला नाही. "भावाला वाचीवलं, बरं केलं. पर वरडायची काय गरज व्हती?"

१९ एप्रिल
पाणथरी काढावी लागली. शुद्धीवर आलाय. शा. मध्यरात्रीपासून तिथेच. रक्त देणाऱ्यांत पहिला बबनदादा, पहाटेच्या एस.टी.ने आलेला. माझ्याशी बोलला नाही.

२७ एप्रिल
सोपान घरी. शा. आली. त्याची केस प्रबंधात घ्यायची आहे. नाव येणार नाही, गाव येणार नाही. फक्त कारण खरं लिहायचं आणि त्याने हो म्हणायचं.

"ताई, तुमी शिडीच लिवा."
"मग ते माझ्या उपयोगाचं नाही, सोपानभाऊ. तुमच्या जागी पुढच्या वेळी दुसरा कुणी असेल."
"तो बी शिडीच सांगंल की."

मंदा चहा घेऊन आली होती, तशीच उभी राहिली. म्हणाली, "शिडी आणून दावा मला. आपल्या वखारीत शिडी हाय का?" सोपान भिंतीकडे वळून झोपला. शा.ने घाई केली नाही. थांबते म्हणाली.

मी बाहेर येऊन बसलो. आयुष्यभर लोकांना सांगितलं, प्रश्न विचारा. माझ्या वाक्यात प्रश्न नव्हताच कधी. पडलेल्याला कुठे लागलं हे त्याचं त्याला कळायच्या आत मी सांगून मोकळा. शर्यत वाईट आहे असं आजही म्हणणार नाही. पण ज्या खेळाला आपली जखम सांगता येत नाही, त्याची बाजू मी कुठल्या तोंडाने लढवू?

१ मे
पलीकडच्या गावची कमिटी आली. माइक तुमच्याकडेच, सर. म्हणालो, येतो. दोन अटी. घाटाखाली डॉक्टर बसेल. आणि कुणी पडलं तर मी आधी बघेन, मग बोलेन.

अध्यक्ष हसले. "सर, तुमी बघत बसला तर गर्दी बिथरंल. तुमचं ते वाक्य म्हंजी निम्मा बंदोबस्त हाय राव."

शेवटी कबूल झाले. दुसरा तसा आवाज नाही म्हणून. पटलं म्हणून नाही.

४ मे
घाट. ऊन मी म्हणत होतं. शा. मंडपाखाली, औषधांची पेटी उघडून. सोपान खुर्चीवर, तिच्यापासून लांब. बबनदादाच्या गाड्याला बारी मिळाली होती. नाव खराब झालं नाही, किंवा अजून नाही.

चौथ्या-पाचव्या बारीला बैल धरणारा एकजण आडवा झाला. तिशीतला, अनोळखी. माझं वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं. माइक सुरू, आणि मी गप्प. आख्खा घाट वर बघायला लागला.

तो उठून बसला. मी माइकवरच विचारलं, "भाऊ, कुठं लागलं?"

त्याचा हात आधी डाव्या कुशीवर गेला. मग त्याने लोकांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. खालूनच ओरडला, "काय बी झालं न्हाई सर. बोला की. पुढची बारी."

लोक हसले. मी बोललो नाही. तेवढ्यात सोपान उठला, कुशीला हात धरून हळूहळू खाली गेला, त्याच्याजवळ बसला. काय बोलला ऐकू आलं नाही. शर्ट वर करून टाके दाखवत होता. तो माणूस बघत राहिला. पण मंडपाकडे आला नाही. मालकाच्या टेम्पोत बसून गेला.

सोपानने त्याच्या गावाचं नाव तेवढं विचारून घेतलंय. शा. म्हणते, उद्या सकाळच्या आत गाठला पाहिजे. रात्रीच निघतोय, तिघे. खांद्याचं विचारायचं.