कॉनचा कोट, उलटा

प्रिय नोरीन,

तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून सांगते. आयर्लंडात, कॉर्कच्या डोंगरात राहते, तोंडात मोजून तीन दात उरलेत, आणि तुझी आई गेल्यावर तुझं वाहतं नाक जिच्या एप्रनला पुसलं गेलं, तीच ती. सुगीपासून तुझी एक ओळ नाही. बॉस्टनमध्ये शाई महाग झाली असेल. इकडे शाई स्वस्त आहे, पण मला लिहिता येत नाही. ते मात्र तू विसरली नसशील, कारण मला अक्षरं शिकवायला तूच बसली होतीस आणि तुझ्या त्या पाटीवर मी गरम पाव निवायला ठेवला होता. हे पत्र हॅनामामी लिहितेय. माझं बोलणं सभ्य करून लिहायची तिला खोड आहे, म्हणून मी प्रत्येक पान तिच्याकडून परत वाचून घेते. तरी कुठे सभ्य वाटलंच तर तो दोष तिचा.

बातम्या आधी. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. फिनबरमामा आणि हॅना खाली रस्त्याकाठच्या नव्या घरात सुखात आहेत, आणि मी वर तुझ्या आजोबांच्या घरात. अजून वरच आहे, हीच खरी मोठी बातमी. कारण महिन्यापूर्वी माझी ट्रंक बांधून दारात ठेवली होती, आणि ती मी बांधली नव्हती.

झालं असं. बटाटे काढायचे दिवस. मी झऱ्यावरून बादली घेऊन मधल्या शेतातून घरी येत होते. ते शेत तुला माहीत आहे. चारी बाजूंनी दगडी गडगा, एका कोपऱ्यात फाटक. नवरी म्हणून आले तेव्हापासून ते शेत मी तुडवतेय. भर दुपार, लख्ख उजेड. आणि एक पाऊल टाकलं न टाकलं तोच ते शेत माझं राहिलं नाही. कसं सांगू? गवत तेच, गडगा तोच, पण माझ्याकडे कुणी परक्याने बघावं तसं बघत होतं. फाटक नाही. मी गडग्याला हात लावून चालत राहिले, दगडामागून दगड, कोपऱ्यामागून कोपरा. फाटक नाहीच. माझ्या घराचा धूर दिसत होता, पण तो कुणाच्या तरी घराचा धूर होता. चकवा लागला होता, दुसरं काय. गवतात कुठेतरी ते भुलवणारं ढेकूळ असतं, त्याच्यावर पाय पडला की आपलंच अंगण आपल्याला ओळखत नाही, हे तुला मी मांडीवर घेऊन सांगितलं होतं. उताराही सांगितला होता: अंगातला कपडा काढायचा, उलटा करून घालायचा. पण माझ्या अंगावर होती शाल. आता शालीला उलटी बाजू कुठली, सांग बघू? आणि एप्रन दोरीवर वाळत होता.

संध्याकाळी फिनबरला मी गडग्याशी बसलेली सापडले, फाटकापासून हाताच्या अंतरावर. त्याने मला उचललं नाही की रागावला नाही. नुसतं हळू आवाजात बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसं. तेव्हाच मी ओळखलं, माझं काही खरं नाही. आठ दिवसांत ठरलंसुद्धा. हॅनाचा भाऊ जेरी, तोच तो, शहरातल्या किराणा दुकानाचा मालक, त्याच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. तिथे आजीला ठेवायचं. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणे. मी म्हटलं, रस्ता कुठेही दिसतो, त्यासाठी शहरात कशाला जायचं? फिनबर म्हणाला, "आई, स्वतःच्या शेतात वाट चुकलीस. उद्या चुलीत पडलीस तर?" रात्री पडल्या पडल्या मलाही वाटलं, पोरगा बरोबर असेल. ते शेत परत माझ्याकडे तसं बघेल, या भीतीने मी झऱ्यावर जायचं सोडलं होतं. गडगा तर सोड, एकदा सकाळी मला मिठाचा डबासुद्धा परका वाटला.

रविवारी जेरी मोटार घेऊन आला. ट्रंक दारात. मी तुझ्या आजोबांचा, कॉनचा, जुना कोट अंगात घातला होता, थंडी म्हणून. निदान हॅनाला तसं सांगितलं. मग मी फिनबर आणि जेरीला म्हटलं, "झऱ्याचं पाणी एकदा पिऊन येते. तुम्ही दोघं चला बरोबर. मधल्या शेतातून मला परत येताना फाटक सापडलं नाही, तर मुकाट मोटारीत बसेन. सापडलं, तर ती ट्रंक परत पलंगाखाली जाईल आणि या घरात त्या खोलीचं नाव कुणी काढायचं नाही." जेरी हसला. "चला मावशी, तेवढीच हवा खाऊ," म्हणाला. मनातल्या मनात मी फाटकाची जागा घोकत होते. हे हॅनाला पहिल्यांदाच कळतंय.

पाणी प्यायलो, परत निघालो. शेताच्या मध्यावर आलो आणि तेच झालं. पण या वेळी मला एकटीला नाही. फिनबर पुढे होता. तो डावीकडे वळला, थांबला, उजवीकडे वळला. ज्या शेतात तो रांगला त्या शेतात! जेरी म्हणाला, "अरे, फाटक कुठंय तुझं?" "इथंच होतं." "इथंच होतं म्हणजे काय, चोरीला गेलं?" "तूच बडबड करून घोळ केलास!" "मी? शेत तुझं, का माझं?" दोघं गडग्याकडेने पळायला लागले, एक इकडून, एक तिकडून, आणि समोरासमोर येऊन एकमेकांवर खेकसले. जेरीचे शहरी बूट शेणात. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण फाटक मलाही सापडत नव्हतं गं. मग कोटाच्या बाहीला तुझ्या आजोबांच्या तंबाखूचा वास आला, आणि मी ओरडले, "थांबा रे गाढवांनो! कोट काढा!"

फिनबरने निमूट काढला. उलटा केला तर काखेत मीच लावलेलं ठिगळ, त्याच्या लग्नाच्या वर्षीचं. जेरी मात्र ऐकेना. "मी असले प्रकार करत नाही, मावशी." मी म्हटलं, "मग रहा इथेच, गाई शिकवतील चरायला." शेवटी काढला त्याने, आणि का लाजत होता ते कळलं. बाहेरून एवढा भारी कोट, आणि आतलं अस्तर पिठाच्या पोत्याचं, पाठीवर गिरणीचा लाल शिक्का! (इथे हॅनाने टाक खाली ठेवला. भावाचं आहे ना. मी म्हटलं, उचल. आता तीच हसतेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.) मी कॉनचा कोट उलटा केला, बाह्यांत हात घातले, बटणं उलटी लावता लावता बोटं थकली. मान वर केली. फाटक समोर होतं. तिथेच, नेहमीच्या जागी, जरा कलतं. मी म्हटलं, "चला, पोरांनो," आणि पुढे झाले.

रस्त्यावर त्याच वेळी अख्खा गाव चेंडूचा सामना बघून परतत होता. त्यांनी काय पाहिलं असेल विचार कर: पुढे मी, मागे दोन बाप्ये, तिघांचे कोट उलटे, आणि जेरीच्या पाठीवर पिठाचा शिक्का. कुणीतरी ओरडलं, "जेरी, पोत्याला काय भाव?" टोप्या उडाल्या, टाळ्या पडल्या. मी राणीसारखी मान हलवली. जेरी मोटारीत बसला तो तसाच, उलट्या कोटाने. आणि फिनबरने ट्रंक उचलून पलंगाखाली ढकलली. जाताना म्हणाला, "आई, हे तू मुद्दाम केलंस ना?" मी सांगितलं नाही. राहू दे त्याला झोपेविना.

आता ज्यासाठी हॅनाला बसवलंय ते. तुझ्या शेजारच्या जुलियाचं पत्र इथे तिच्या आईला आलं. नवऱ्याला, मॅटला, मातीत पोचवून आल्यापासून तू कुणाशी बोलत नाहीस, आणि परवा स्वतःच्याच दारावरून दोनदा पुढे निघून गेलीस, घर ओळखू आलं नाही म्हणून रडलीस, असं त्यात होतं. वेडी नाही झालीस, बाळा. कॉन गेला त्या आठवड्यात मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी उभी होते. पळू नकोस, गडग्याकडेने धावून फाटक सापडत नाही. मॅटचा कोट खुंटीवर असेलच. तो काढ, उलटा कर, घाल, बटणं लाव सावकाश. लोक हसतील. हसू देत, आम्हाला तर टाळ्या पडल्या. मग कोपऱ्यावरच्या त्या इटालियनाच्या दुकानात जा, जिथे मॅट तुला दर रविवारी न्यायचा आणि तू लिहायचीस की तिथे मनुका अंगठ्याएवढ्या मिळतात. नाताळच्या केकसाठी मला त्याच हव्यात. जुलियाला पाठवू नकोस, स्वतः जाऊन आण. बिया काढलेल्या बघून घे. तीन दातांचा विचार कर.

तुझीच, आणि खालची फुली माझ्याच हातची,
गोबनेतआजी
✕