मोनालीची डावी भुवई

नवीन पनवेल

प्रिय मोनाली,

आधी भांडते, मग बाकीचं. फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर भांडावं लागतंय. निकेशच्या हळदीला तुझ्या घरच्या बायकांना तयार करायला गव्हाणला मलाच बोलावलं होतं. तू करवली, आणि तू तेवढी माझ्यासमोर बसली नाहीस. डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत. नंतर मांडवात दिसलीस ती डोक्यावरून पदर आणि डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल. मी लांबून हात केला, तर सरळ पाठ फिरवलीस. वाटलं, वापीला गेल्यापासून बाईसाहेबांना आमची ओळख जड व्हायला लागली. घरी येऊन जेवले नाही मी. आपली मैत्री संपली की काय, हेच डोक्यात.

माझं विचारशील तर पार्लर बरं चाललंय. सेक्टरातल्या सोसायट्या भरल्यात, गिऱ्हाईक कमी नाही. पार्लर काढताना आपण दोघींनी घेतलेली लाल खुर्ची अजून आहे, फक्त तू उभी राहायचीस त्या बाजूला आता टॉवेल वाळत असतात. बायका डोळे मिटून तोंड माझ्या हातात देतात आणि सासूपासून सुनेपर्यंत सगळं सांगतात. मी कशी आहे हे कुणी विचारत नाही. शटर ओढलं की घरी जाऊन टीव्ही लावते, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. दिवसभर इतक्या जणींच्या चेहऱ्याला हात लावते, माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात शेवटचा कधी लागला ते आठवत नाही. एकटं वाटतं गं, सरळच सांगते.

शनिवारी बंद करताना आपण एकमेकींच्या भुवया करायचो. दोऱ्याचं टोक दातात धरून मी वाकले की तुला हसू यायचं, पापणी ताणून धरलेली बोटं सुटायची आणि माझ्या शिव्या खायचीस. लहानपणी मिठागराच्या बांधावरून पडलीस तेव्हाची तुझ्या डाव्या भुवईतली ती खाच, तिथे मी दोरा कधी लावला नाही. माझ्या भुवया आता मी आरशात बघून कात्रीने कापते. स्वतःच्या स्वतःला दोऱ्याने जमत नाहीत आणि दुसऱ्या पार्लरात जाऊन बसायला मन होत नाही. मध्ये एक गिऱ्हाईक म्हणालं, ताई, तुमच्याच भुवया वरखाली कशा? हसून घालवलं.

हळदीनंतर तुझी आई, भामाकाकी, केस रंगवायला आल्या होत्या. रंग लावून बसल्या बसल्या रडायला लागल्या. म्हणाल्या, पोरीला चाई लागली, डोक्याचे केस गेले, भुवयापन नाय रायल्या. बोलते, कुनालापन तोंड दाखवीन, पन दिपिकाला नाय. मोने, मी रुसून बसले होते आणि तू माझ्यापासून लपत होतीस. काकी गेल्यावर खूप रडले, मग तुझा रागही आला. मग वाशीला मायक्रोब्लेडिंग शिकायला नाव घातलं. बारीक पात्याने कातडीवर रंगाचा एकेक केस काढायचा असतो. सरावाच्या रबरी कातडीवर बाकीच्या जणी फोटोतल्या नट्यांच्या भुवया काढत होत्या, मी तुझ्या काढल्या. डावीत खाचेची जागा मोकळी ठेवली, तर शिकवणाऱ्या मॅडमनी तिथे चूक म्हणून खूण केली. मी खाच तशीच ठेवली. तुझ्या डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले की ये. सोमवारी पार्लर बंद असतं, शटर आतून लावून घेऊ, हवं तर आरसा झाकू. भुवया नको वाटल्या तर नकोत, नुसती लाल खुर्चीत बस, मी चहा करीन. पण एक काम तुला करावंच लागेल. दोरा माझ्याकडे आहे, माझ्या भुवया तुझ्याच हातून करून घ्यायच्यात.

सोमवारची वाट बघणारी,
वाकड्यातिकड्या भुवयांची, तुझीच
दिपिका