एझ्राची चवळी

तीर्थरूप सासूबाईंच्या पायांशी ओडेसाचा नमस्कार.

प्रभूच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. हे वेळेवर जेवतात. तुमचे गुडघे कसे आहेत?

यांनी आपल्या काळ्यांच्या कॉलेजच्या शेतात चवळीचा नवा वाण काढलाय. कपाशीने खंगलेल्या जमिनीतही तो जोमाने येतो. त्याचं नाव यांनी ‘एझ्रा’ ठेवलं. ज्या गोऱ्यांनी आपल्या एझ्राभाऊजींना झाडाला टांगलं, त्यांचीच मुलं आता दारात येऊन म्हणतात, “अरे प्रोफेसर, अजून एझ्रा दे की! आमच्या मातीला मानवलाय तो.” हे हसून देतात. मी घरात खिडकीपासून दूर सरते.

मंगळवारी एक म्हातारा गोरा आला. “कोण रे हा एझ्रा?”

“माझा धाकटा भाऊ, साहेब. त्या दिवशी तुम्ही तिथे होतात.”

म्हातारा बी न घेताच गेला. तेव्हापासून अंधार पडला की मी दिवा लावत नाही. तेलही वाचतं.

मी यांना म्हटलं, “पाया पडते, वाणाचं नाव बदला.”

“एझ्राचं नाव आईने ठेवलंय. तिला विचार.”

म्हणून हे पत्र. आई, तुमचा एक मुलगा अजून आहे. बदलायला सांगाल का?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
तुमची सून ओडेसा